घरासाठी भरवशाचा वायफाय राउटर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीतले शेजारी आणि गावाकडचे नातेवाईक गेली अनेक वर्षं मला विचारत आले आहेत, "कोणता राउटर घेऊ?" मी आधी उलट दोन गोष्टी विचारतो. तो घरात कुठे ठेवणार, आणि वीज गेली की त्याचं काय होणार? खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा या दोन उत्तरांवर जास्त अवलंबून असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. फायबर जोडायला आलेल्या मुलाने एक डबा लावून दिला. त्याला कुणी मोडेम म्हणतं, कुणी राउटर. नक्की काय आहे तो?

फायबरच्या तारेतून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र म्हणजे ओएनटी. ते एकच कनेक्शन फोन, टीव्ही, लॅपटॉप यांच्यात वाटून देतो तो राउटर. बिनतारी पोहोचवणं, म्हणजे वायफाय, हे तिसरं काम. हल्ली बहुतेक कंपन्या ही तिन्ही कामं करणारा एकच डबा देतात. मोडेम हा शब्द टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळातला, तो बोलण्यात टिकून राहिला आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. हिरव्या किंवा निळ्या टोकाची बारीक तार थेट ज्या डब्यात जाते, तो ओएनटी. ती तार उगाच काढू नका, टोकावर धूळ बसली तरी सिग्नल पडतो. करकचून वाकवूही नका, आत काच असते.

२. कंपनीचा डबा फुकट मिळाला आहे. मग पैसे घालून वेगळा राउटर घ्यायचा कशाला?

पुष्कळ घरांना गरज नसते. वन बीएचके असेल, डबा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर (त्यांबद्दल प्रश्न ५ मध्ये) चालत असेल आणि घरात सात-आठ उपकरणं असतील, तर पैसे खर्च करू नका. आधी प्रश्न ४ प्रमाणे डब्याची जागा बदलून पाहा.

वेगळा राउटर घ्यावा तो या परिस्थितीत: डबा फक्त २.४ वर चालतो, घर मोठं आहे, उपकरणं वीस-पंचवीसच्या वर गेली आहेत, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क किंवा मुलांच्या वापराची वेळ ठरवायची आहे, किंवा तुम्ही घरून काम करता आणि मीटिंग मधेच तुटणं परवडत नाही. आणखी एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. उद्या कंपनी बदललीत तर तिचा डबा परत जातो, तुमचा राउटर घरातच राहतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच राहतात, त्यामुळे घरभरचे फोन, टीव्ही, कॅमेरे पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

३. नेट सारखं अडकतं. दोष राउटरचा की कंपनीच्या लाइनीचा, हे मला घरबसल्या कसं कळेल?

नवा राउटर मागवण्याआधी हे अर्ध्या तासाचं काम नक्की करा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटल्या आहेत.

आधी डब्यावरचे दिवे पाहा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाही. तार कुठेतरी तुटली आहे किंवा दबली आहे, आणि कोणताही राउटर त्यावर उपाय नाही. कंपनीला फोन करा.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. हीच चाचणी सकाळी एकदा आणि रात्री ९ च्या सुमारास एकदा करा. केबलवरही रात्रीच वेग कोसळत असेल, तर तुमच्या भागातली लाइन गर्दीने भरते आहे. हे दोन्ही आकडे लिहून ठेवले की तक्रार करताना हातात पुरावा असतो. केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर कमी असेल तर दोष घरातला. आता फोन घेऊन डब्यापासून दोन मीटरवर उभे राहा. तिथे चांगला वेग आणि झोपायच्या खोलीत वाईट, तर जागेचा आणि भिंतींचा प्रश्न आहे. डब्याच्या शेजारीही वाईट असेल, तरच राउटर किंवा तुमचा फोन संशयित ठरतो. म्हणून दुसऱ्या फोनवर तपासून घ्या.

वेग मोजताना एक गोंधळ हमखास होतो. कंपनी १०० एमबीपीएस म्हणते तेव्हा ते मेगाबिट असतात, आणि फाइल उतरवताना स्क्रीनवर दिसतात ते मेगाबाइट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० च्या प्लॅनवर सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास दिसलं की वेग पूर्ण मिळतो आहे.

राउटर दिवसातून तीन-चारदा आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा. राउटर धडधाकट असतो आणि त्याचा अडॅप्टर थकलेला असतो, असं मी खूपदा पाहिलं आहे. नवा अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा हवा. पिनचा आकारही जुळला पाहिजे.

४. राउटर घरात नेमका कुठे ठेवावा?

तार जिथून घरात येते तिथेच डबा ठोकला जातो. म्हणजे बहुधा दाराशी, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे. तिथून अर्धं वायफाय जिन्यात जातं. बसवायला माणूस येईल तेव्हाच त्याला सांगा की तार घराच्या मध्यापर्यंत आणून दे. घरातल्या घरात दहा-पंधरा मीटर फायबर वाढल्याने वेगाला काही होत नाही.

जागा निवडताना घराचा मध्य आणि पाच-सहा फूट उंची हे मनात धरा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची टाकी आणि टीव्हीची पाठ यांपासून दूर ठेवा. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. आरशाच्या मागेही धातूचाच थर असतो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून तो चालू असताना शेजारच्या २.४ च्या वायफायला त्रास होतो.

आपल्याकडच्या भिंती हा मोठा विषय आहे. चार इंची विटेची भिंत लहरींना फारशी अडवत नाही. काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि कोकणातला चिरा, म्हणजे जांभा, बरंच अडवतात. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी अडवते. शहरांतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात आणि प्रत्येकीत सळ्या असतात. अशा टू बीएचकेमध्ये एका कोपऱ्यातला राउटर दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचत नाही, मग तो कितीही महाग असो. त्यासाठी प्रश्न १० वाचा.

राउटरवर क्रोशाचं झाकण किंवा रुमाल घालू नका, तो तापतो. कपाटात बंदही करू नका. डबा उबदार असतो, म्हणून पाली आणि मुंग्या आत शिरतात. भिंतीला टेकवून सपाट ठेवण्यापेक्षा उभा लावला तर हवा खेळती राहते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने जाळी साफ करता येते.

५. वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या पुढे ५जी लिहिलं आहे. ते मोबाइलचं ५जी का?

नाही, काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ आहे. २.४ चा पट्टा लांब जातो आणि भिंती बऱ्या ओलांडतो, पण अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत तीस-चाळीस घरं असतील तर सगळी त्या तिघांत कोंबलेली असतात. ५ चा पट्टा जवळचा, पण रुंद आणि वेगवान. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला, तेव्हापासून घरगुती राउटरना इथे मोकळी जागा मिळाली. टीव्ही, लॅपटॉप आणि फोन ५ वर ठेवा. बल्ब, कॅमेरे आणि लांबच्या खोल्यांसाठी २.४.

राउटर दोन्हींना एकच नाव देऊन उपकरण आपोआप हलवू शकतो. बहुतेक घरांत ते नीट चालतं. कुठे चालत नाही ते प्रश्न १६ मध्ये.

६. खोक्यावर एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३००० असं लिहितात. मोठा आकडा म्हणजे जास्त वेग ना?

एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६ (प्रश्न ८), आणि पुढचा आकडा बेरजेचा आहे. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस, मिळून साधारण १२००. एएक्स १५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. एक फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, म्हणून बेरीज कुणालाच मिळत नाही. पुन्हा हे प्रयोगशाळेतले कमाल आकडे आहेत. घरात, एक भिंत ओलांडून, निम्मा वेग मिळाला तरी उत्तम समजा. २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवरचा आहे आणि तो झेपायला फोनही तसाच लागतो.

१०० ते ३०० च्या प्लॅनला एएक्स १५०० पुरतो. ५०० च्या वर जात असाल किंवा घर गजबजलेलं असेल तर एएक्स ३००० घ्या.

७. प्लॅन २०० चा घेतला तरी वेग ९४-९५ च्या वर जातच नाही. कंपनी फसवते आहे का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळा ठेवला आहे. ९४ हा आकडा दिसला की जवळजवळ नक्की समजा, वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढंच पार होतं. स्वस्त राउटरमध्ये, अगदी एसी १२०० लिहिलेल्यांमध्येही, केबलचे पोर्ट १०० चेच असतात. वायफाय वेगवान आणि आत येणारं दार अरुंद. घेताना "गिगाबिट पोर्ट" (म्हणजे १००० एमबीपीएसचा) हे शब्द शोधा आणि वॅन (बाहेरून नेट येतं तो) व लॅन (घरातली उपकरणं जोडायचे) दोन्ही तसे आहेत ना ते बघा.

पोर्ट गिगाबिट असूनही ९४ येत असेल तर केबल तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. चारच लागल्या असतील किंवा एखादी तुटली असेल तर वेग १०० वर उतरतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची, शुद्ध तांब्याची केबल घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण टोकं लवकर मोडतात.

८. वायफाय ५, ६, ६ई, ७... आज कोणता घेणं शहाणपणाचं?

वायफाय ६. माझं उत्तर बहुतेक घरांसाठी हेच आहे. वायफाय ५ चा राउटर हातात असेल आणि तो चालत असेल तर बदलू नका, पण नवा घेताना ६ च्या खाली जाऊ नका. वायफाय ६ चं प्रमाणीकरण २०१९ मध्ये सुरू झालं. एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडं थोडं वाटून देण्याची त्याची पद्धत भरलेल्या घरात उपयोगी पडते. दोन मुलांचे क्लास, एक टीव्ही, तीन फोन, दोन कॅमेरे अशा घरात फरक जाणवतो.

वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. एकाच वेळी दोन पट्ट्यांवर बोलणं ही त्यातली खरी नवी गोष्ट, पण फोनही ७ चा हवा. ६ई आणि ७ यांचा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे आणि तिथे भारत मागून आला. त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, घरात वापरण्यासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. त्याआधी इथे विकलेल्या काही "वायफाय ७" राउटरमध्ये ६ चा पट्टा दिलेलाच नाही. म्हणून ७ घेताना भारतीय मॉडेलच्या माहितीपत्रकात ६ गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलं आहे का ते वाचा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

९. सहा अँटेनावाला घेतला तर रेंज वाढेल ना?

अँटेना मोजून काही कळत नाही. किती उर्जेने प्रक्षेपण करायचं यावर सरकारी मर्यादा असते आणि ती सगळ्यांना सारखी. शिवाय फोनची ताकद राउटरपेक्षा कमीच असते. राउटरचं फोनला ऐकू आलं तरी फोनचं राउटरला ऐकू यायला हवं.

१०. घर दुमजली आहे (किंवा भिंती जाड आहेत). एक्स्टेंडर लावू, मेश घेऊ की केबल टाकू?

केबल. शक्य असेल तर नेहमी केबल.

रत्नागिरीजवळ माझ्या आत्याचं घर आहे, जांभ्याच्या दीड फुटी भिंतींचं. ओटीवर राउटर होता आणि माजघराच्या पुढे नेट नव्हतं. तिने एक महाग राउटर आणला, ओटीवरच ठेवला, फरक शून्य. मग मी बारा मीटर केबल वाशांच्या बाजूने माजघरापर्यंत नेली आणि जुनाच राउटर तिथे लावला. स्वयंपाकघर, मागचं पडवीचं अंग, सगळीकडे पोहोचला. नवा राउटर आत्याने ओटीवरच ठेवला आणि दोघांना केबलने जोडलं. खर्च झाला तो केबलचा आणि दोन टोकांचा.

एक्स्टेंडर भिंतीच्या सॉकेटात लावायचा. तो त्याच लहरींवर ऐकतो आणि त्याच लहरींवर पुढे सांगतो, म्हणून वेग अर्ध्याच्या आसपास येतो. एका कॅमेऱ्यापुरता चालेल, मीटिंगसाठी नको. तो अंधारात, म्हणजे जिथे सिग्नल संपला आहे तिथे, लावून उपयोग नाही. अर्ध्या वाटेवर, सिग्नल चांगला असेल तिथे लावावा लागतो.

मेश म्हणजे दोन-तीन राउटर एकाच नावाने, एकमेकांशी जुळवून चालतात आणि तुम्ही चालत गेलात की फोनला जवळच्याकडे सोपवतात. बिनतारी मेशलाही मधल्या भिंती भोवतातच. म्हणून काँक्रीटच्या किंवा चिऱ्याच्या घरात मेश घेतलीत तरी डबे केबलने जोडा, तशी सोय बहुतेकांत असते. घर बांधत असाल किंवा रंगकाम काढणार असाल तर प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून घ्या. विजेच्या तारांच्या पाइपातून नेटची केबल ओढू नका, दोन्ही वेगळे ठेवा.

११. गावात रोज वीज जाते. लाइट गेली की नेटही जातं. काय करू?

यासाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा असतो. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात आणि हा यूपीएस थेट तेच देतो, त्यामुळे उर्जा वाया जात नाही. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आणि यूपीएसवरचे आकडे वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर, दीड की दोन. राउटर दोन मागत असेल आणि यूपीएस एकच देत असेल तर राउटर अडखळत राहील. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ चा लावू नका.

ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही यूपीएस हवा. हे विसरतातच. राउटर चालू राहतो, ओएनटी बंद असतो, आणि वायफाय दिसूनही नेट नसतं.

किती वेळ टिकेल त्याचा हिशेब सोपा आहे. घरगुती राउटर साधारण ६ ते १२ वॅट घेतो. यूपीएसवर वॅट-अवर लिहिलेले असतात, त्यांना याने भागा आणि निघालेल्या तासांतले पाऊणच धरा. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा सॉकेट त्यावर घेणं सगळ्यात बरं. मात्र परिसरातली सगळीच वीज जाते तेव्हा कंपनीचं पुढचं यंत्रही बॅटरीवर असतं. ती बॅटरी संपली की तुमचा यूपीएस असून नेट जाईल. यावर घरातून उपाय नाही.

१२. पावसाळ्यात विजा कडाडल्या की राउटर जळतो. फायबरमधून वीज येते का?

काचेतून येत नाही. ती येते अडॅप्टरमधून, छतावरून आलेल्या लॅनच्या तांब्याच्या तारेतून, किंवा फायबरला आधार म्हणून जोडलेल्या लोखंडी तारेतून. केबलवाल्याने गच्चीवरून तांब्याची लॅन केबल टाकली असेल तर धोका सर्वांत जास्त. त्याच्याकडून फायबर मागा. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावा, पण घराचं अर्थिंग नीट नसेल तर तो पुरेसं काम करत नाही. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि बाहेरून आलेली लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

१३. कोणत्या कंपनीचा घेऊ? एकच नाव सांगा.

एक नाव सांगत नाही, कारण एकाच कंपनीचे चांगले आणि वाईट दोन्ही राउटर मी पाहिले आहेत. टीपी-लिंक, डी-लिंक, आसुस, नेटगिअर, टेंडा, मर्क्युसिस ही नावं आपल्याकडे सहज मिळतात. मी काय बघतो ते सांगतो.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडतो आणि शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आत चालणारा प्रोग्राम) कधी आलं ते बघतो. दीड-दोन वर्षांत काहीच आलं नसेल तर सोडून देतो. राउटर हे घराचं इंटरनेटकडे उघडणारं दार आहे. त्यातल्या चुका दुरुस्त होत नसतील तर बाकी गुण काय कामाचे? मॉडेलचं नाव एकच असलं तरी आतलं हार्डवेअर बदलत जातं. खालच्या चिकटपट्टीवर व्ही१, व्ही४ असं लिहिलेलं असतं. फर्मवेअर त्या आवृत्तीचंच पाहा आणि परीक्षणं वाचतानाही आवृत्ती जुळवा.

मग वॉरंटी. वर्षं किती यापेक्षा सेवा केंद्र कुठे आहे ते विचारा. जिल्ह्याच्या गावी नसेल तर राउटर कुरिअरने पाठवून तीन आठवडे बसावं लागतं. अडॅप्टरवर आयएस १३२५२ (सुरक्षेचं भारतीय मानक) आणि आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही तपासा. हा चोवीस तास सॉकेटात राहणारा तुकडा आहे.

१४. राउटर आणला. पहिल्या दिवशी कोणती सेटिंग बदलायची?

राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं, नक्की पत्ता चिकटपट्टीवर असतो. तिथे दोन वेगळे पासवर्ड आहेत. एक वायफायचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा "अॅडमिन" असाच ठेवतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर.

सुरक्षा डब्ल्यूपीए३ ठेवा. जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून जो पर्याय असतो तो. डब्ल्यूईपी, ही जुनी कमकुवत पद्धत, कधीच नको. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा आठ आकडी पिनने जोडणी, बंद करा. त्या पिनची रचना अशी आहे की फार तर ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झालं. फर्मवेअर आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय चालू करा. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका. पासवर्ड मोबाइल नंबरचा नको, तो अख्ख्या सोसायटीला माहीत असतो.

१५. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू वायफाय मागतात. पासवर्ड द्यावा का?

तुमच्या कनेक्शनवरून जे काही होईल त्याची पहिली विचारणा तुमच्याकडे येते, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. शिवाय तुमच्या कंपनीच्या अटींत बाहेरच्यांना वाटायला मनाई असू शकते, ते वाचून ठरवा. घरी आलेल्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण तुमचे कॅमेरे, प्रिंटर, संगणक दिसत नाहीत. चिनी बनावटीचे स्वस्त बल्ब आणि प्लगही मी गेस्टवरच ठेवतो.

१६. स्मार्ट बल्ब (किंवा गिझर, कॅमेरा) वायफायला जोडलाच जात नाही.

ही उपकरणं बहुधा फक्त २.४ वर चालतात. जोडताना फोन ५ वर असला की काही अॅप गोंधळतात. राउटरमध्ये "स्मार्ट कनेक्ट" (दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी सोय) काही वेळ बंद करा, २.४ ला वेगळं नाव द्या, फोन त्यावर आणा आणि उपकरण जोडा. तरीही नाहीच झालं तर सुरक्षा निव्वळ डब्ल्यूपीए३ आहे का ते बघा, जुन्या उपकरणांना ती कळत नाही. मिश्र पर्याय प्रश्न १४ मध्ये आहे.

१७. कंपनीचा ओएनटी आणि माझा राउटर, दोन्ही वायफाय देतात. गोंधळ होतो आहे.

दोन मार्ग आहेत. सोपा असा: ओएनटीचं वायफाय बंद करा आणि त्याच्या लॅनमधून केबल तुमच्या राउटरच्या वॅनमध्ये घाला. घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात भाषांतर दोनदा होतं, पण टीव्ही, मीटिंग, अभ्यास यांना त्याने काही बिघडत नाही.

दुसरा मार्ग ब्रिज मोडचा. यात ओएनटी फक्त प्रकाशाचं रूपांतर करतो आणि लॉग-इन तुमचा राउटर करतो. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचं, म्हणजे लॉग-इनचं, नाव, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक मागून घ्या. हे तिन्ही कागदावर उतरल्याशिवाय ओएनटीला हात लावू नका. रीसेटचं बारीक बटण तर मुळीच दाबू नका, कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. मी एकदा हे केलं आहे, सुट्टीच्या दिवशी, आणि घरच्यांना दोन दिवस फोनच्या डेटावर काढावे लागले. काही कंपन्या ब्रिज मोड देतच नाहीत, तिथे पहिलाच मार्ग.

१८. कॅमेरा घरात दिसतो, बाहेरगावी गेलं की दिसत नाही. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं तरी नाही.

राउटरमध्ये वॅनचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डचा उपयोग नाही, राउटर बदलूनही नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्या किंवा क्लाउडवरून चालणारा कॅमेरा वापरा. वॅनवर १९२.१६८ दिसत असेल तर मामला प्रश्न १७ चा आहे.

१९. भाऊ अमेरिकेतून राउटर आणतो म्हणतो. आणू दे का?

मी आणायला सांगत नाही. अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे जळणार नाही, फक्त पिन बदलावी लागेल. पण वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. अमेरिकी मॉडेलमध्ये देश बदलायचा पर्याय अनेकदा नसतो आणि मग तो तिथल्या नियमांचे चॅनेल वापरतो, जे इथल्या नियमांत बसतीलच असं नाही.

२०. आमच्या वाडीवर फायबर नाही. सिमवर चालणारा राउटर चालेल का?

चालेल, पण इथे राउटरपेक्षा टॉवर महत्त्वाचा. आधी फोन घेऊन घराभोवती फिरा, गच्चीवर चढा आणि कोणत्या कंपनीचं नेट कुठे चांगलं येतं ते बघा. मग त्याच कंपनीचं सिम घ्या. सिमचा राउटर खिडकीत, टॉवरच्या दिशेला ठेवा आणि घरात आत दुसरा वायफाय राउटर केबलने न्या. बाहेरून अँटेना जोडायची सोय असलेलं मॉडेल डोंगराळ भागात फार उपयोगी पडतं. ५जी पोहोचलं असेल तर गच्चीवर यंत्र बसवून देणारी एअरफायबरची सेवा मिळते का ते विचारा. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे सही करण्याआधी विचारा.

२१. राउटरच्या लहरींनी बाळाला अपाय होतो का? रात्री बंद करावा का?

या लहरी पेशींतले रासायनिक बंध तोडू शकतील इतक्या उर्जेच्या नसतात आणि राउटरची ताकद वॅटच्या अंशात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये सर्वच रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २बी गटात ठेवलं, ते मुख्यतः मोबाइल कानाला लावण्याच्या अभ्यासांवरून आणि मर्यादित पुराव्यावर. अंतर वाढलं की ताकद झपाट्याने घटते. पाळण्याच्या उशाशी ठेवू नका, दोन-तीन मीटर लांब ठेवा, एवढं माझ्या मते पुरे.

रात्री बंद केला तरी हरकत नाही, पण फर्मवेअर बहुधा रात्रीच अद्ययावत होतं आणि कॅमेरे बंद पडतात. नीट चालणारा राउटर रोज बंद-चालू करावा लागत नाही. करावा लागत असेल तर प्रश्न ३ कडे जा.

२२. जुना राउटर टाकून देऊ का?

आधी वापरून बघा. त्यात डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, त्याचा पत्ता नव्या राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि दोघांच्या लॅन पोर्टांना केबलने जोडा. लांबच्या खोलीसाठी वायफाय तयार होतं, आत्याच्या घरी नेमकं हेच केलं. फर्मवेअर येणं कधीच थांबलं असेल तर मात्र ठेवू नका. सगळी माहिती रीसेटने पुसा आणि अडॅप्टरसकट ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या. घंटागाडीत टाकू नका.